पटावर कोण नाही?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ असा विषय दिला आहे. तिथले रस्ते आणि तिथला बर्फ तुम्ही मोबाईलवर माझ्यापेक्षा जास्त पाहता, म्हणून मी एकाच अनुभवाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे तिथल्या विद्यापीठात दरवर्षी भरणारा एक मेळावा. शेवटी आपण जमवलेल्या निधीबद्दल एक सूचना करणार आहे. पटली नाही, तर जेवताना माझ्याशी खुशाल भांडा.

मी मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर या गावाजवळ राहते. तिथे मिशिगन विद्यापीठ आहे. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते. त्या दिवशी विद्यापीठात वर्ग भरत नाहीत, पण कुणी घरी बसावं अशीही अपेक्षा नसते. हिल ऑडिटोरियम नावाच्या मोठ्या सभागृहात मुख्य व्याख्यान होतं. त्याशिवाय चर्चा आणि कार्यशाळा असतात. वंश, गरिबी, अपंगत्व, स्त्रिया, स्थलांतरित असे सगळे विषय त्यांत येतात. तिकीट नसतं, गावातलं कुणीही जाऊन बसू शकतं. तशीच मी पहिल्यांदा जाऊन बसले आणि नंतर जात राहिले.

हा दिवस विद्यापीठाने आपण होऊन दिलेला नाही. १९८७ साली तिथे वर्णद्वेषाचे प्रकार घडले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. किंग यांचा दिवस विद्यापीठाने पाळावा ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. आज हजारो लोक ज्या कार्यक्रमाला येतात, तो मुलांनी भांडून मिळवलेला आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या किंगचं आम्हाला काय? नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि द्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही दिलं. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं दुखणं कळत होतं.

या मेळाव्यात एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘इक्विटी’. समता म्हणजे सगळ्यांना सारखं. इक्विटी म्हणजे ज्याला जे कमी पडतं ते त्याला, म्हणजे सगळे एका रेषेवर येतील. अमेरिकेत हे समजावायला चित्रं काढतात. कोल्हापूरच्या माणसाला चित्र लागत नाही. शाहू महाराजांच्या पागेतल्या घोड्यांची आणि हरभऱ्यांची सांगितली जाते ती गोष्ट सरांनी आपल्याला वर्गात सांगितली होती. सगळ्यांचे हरभरे एकत्र टाकले की तगडे घोडे खातात आणि अशक्त घोडे मागे राहतात. गोष्ट सोडा, महाराजांचं काम बघा. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी करायला मदत केली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. गावात शाळा नाही, शहरात राहायला जागा नाही, शिकल्यावर नोकरी नाही, या तिन्ही अडचणी त्यांनी वेगवेगळ्या ओळखल्या आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय केला. त्यातली काही बोर्डिंगं आजही चालू आहेत.

मीही अशाच एका व्यवस्थेतून पुढे गेले. आमच्या वेळी अभियांत्रिकीच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असायच्या. कॉलेजात त्यावरून टोमणे ऐकले. पण त्या जागा नसत्या तर आमच्या घरी ‘एवढ्या लांब एकटी मुलगी कशाला’ हा प्रश्न जिंकला असता. वर्गात आणखी मुली आहेत, लेडीज होस्टेल आहे, एवढं कळल्यावर माझे वडील तयार झाले.

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण. आम्ही सॉफ्टवेअरवाले सरासरीवर फार विश्वास ठेवतो. प्रणाली शंभरातल्या नव्वदांवर बरोबर चालली की आम्ही खूश. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू या दोन संशोधक महिलांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. त्यांनी सगळ्यांची मिळून सरासरी काढली, पण तिथे न थांबता रंग आणि लिंग यांप्रमाणे गट पाडून पुन्हा मोजलं. उजळ रंगाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. सावळ्या आणि काळ्या रंगाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कुणाचं वाईट करायचं ठरवलं नव्हतं. अशा प्रणाली ज्या फोटोंवर शिकवल्या आणि तपासल्या जात, त्यांत उजळ रंगाचे पुरुषच जास्त होते. आकडे बाहेर आले आणि त्या कंपन्यांनी दुरुस्ती केली. गट पाडून मोजलं नसतं, तर सरासरीखाली सगळं झाकून राहिलं असतं.

मिशिगनमध्ये मात्र उलटा प्रवासही मी पाहिला. २००६ साली त्या राज्यात मतदान झालं आणि सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला बंदी आली. २००६ मध्ये पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. २०२१ मध्ये ते सुमारे ४ टक्के उरले. हे आकडे विद्यापीठानेच सर्वोच्च न्यायालयाला दिले. २०१६ साली विद्यापीठाने विविधता आणि समावेशाची मोठी योजना आणली, कार्यालय उभं केलं, भरपूर पैसा ओतला. खर्च फार आणि कागदी काम फार, अशी टीका झाली. मोकळेपणाने बोलायची भीती वाटते, असंही लोक म्हणाले. त्यातलं थोडं मलाही पटतं, नुसते फॉर्म भरून कुणाचं भलं होत नाही. पुढे वॉशिंग्टनचं वारं फिरलं आणि मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने ते कार्यालय बंद केलं. एवढं श्रीमंत विद्यापीठ, पण वरून दाब आला की दहा वर्षांचं काम गुंडाळलं जातं, हे मी जवळून पाहिलं. मोठ्या संस्थेच्या भरवशावर सगळं सोडता येत नाही, हे मला तिथे कळलं.

आता आपल्याकडे येते. घरी गेल्यावर आपला आठवीचा आणि दहावीचा वर्गाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या फोटोतल्या काही जणी आणि काही जण दुसऱ्यात नाहीत. ते आज या मंडपातही नाहीत. यात संयोजकांचा दोष नाही. त्यांनी चार महिने खपून एकेकाचा नंबर शोधला. पण यादी केली ती दहावीच्या निकालावरून. जी नववीतच शाळेतून गेली, तिचं नाव त्या यादीत येणारच कसं? कुणी तिला मुद्दाम वगळलं नाही. यादीच तशी होती. जॉय आणि टिमनित यांनी दाखवलं ते हेच.

आणि हे फक्त आपल्या वेळचं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. गळती त्यापुढे सुरू होते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही फार चांगली गोष्ट. पण जादा तास सुटल्यावर वाडीकडे जाणारी गाडीच नसेल, तर तो पास दप्तरातच राहतो.

निधीसाठी दोन सूचना आल्या आहेत, शाळेला कमान आणि दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. दोन्ही प्रेमापोटी आल्या आहेत. पण जो पहिला आला, तो शाळेत टिकला होता. माझी सूचना जी टिकली नाही तिच्यासाठी आहे.

पैसे खर्च करण्याआधी मोजू या. शाळेत जनरल रजिस्टर आहे. सरांच्या परवानगीने गेल्या पाच वर्षांत आठवीत असलेली पण दहावीला न बसलेली मुलं-मुली शोधू. गाव कोणतं, शाळेपासून किती लांब, शाळा का सुटली. जे इथेच राहतात त्यांनी घरोघर जाऊन विचारायचं. तक्ते मी तिथे बसून करून देते. मुलांची नावं बाहेर जाणार नाहीत. मग कारणाप्रमाणे खर्च करू. संध्याकाळची गाडी नसेल तर यादी घेऊन डेपोत जाऊ, आणि गाडी सुरू होईपर्यंत वडापचं महिन्याचं भाडं आपण भरू. स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर आधी टाकी बसवू. शेतात काम म्हणून शाळा सुटत असेल तर त्या घराशी बोलावं लागेल, आणि तिथे आमच्यापेक्षा बाईंचा शब्द जास्त चालेल. दरवर्षी आकडा याच तारखेला सगळ्यांसमोर वाचायचा, वाढला असेल तरी.

कमान नंतर बांधू. मी तिचा माझा वाटा आजच द्यायला तयार आहे.

आणखी एक. पुढच्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून नको, आठवीच्या पटावरून करा. ज्यांना इतकी वर्षं बोलावणं गेलं नाही, त्यांच्या घरी आपण स्वतः जाऊ. मला दोन नावं आठवतात. बाकीची तुम्ही आठवा, जेवण होईपर्यंत माझ्या वहीत लिहून द्या.

सर, बाई, तुम्ही शिकवलंत म्हणून मी इथे उभी राहून बोलू शकते.