दुखणं मालकाला सांगावं कसं?



आपल्या पेण-रोहा भागात पुष्कळांचं पोट हातावर आहे. कोणी हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यात जातो. कोणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे आहे. कोणी पाऊस सरला की वीटभट्टीवर बिऱ्हाड नेतो. अंग चाललं तर मजुरी. म्हणून दुखणं आलं की माणूस आधी ते लपवतो. मालकाला कळलं तर उद्या आपल्या जागी दुसरा उभा राहील, अशी भीती वाटते. ही भीती खोटी नाही. पण लपवल्याने काय होतं, तेही पाहू.

गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघते, सुकते, मग ती पॉलिशपेपरने घासतात. पांढरी धूळ उडते. पुढे फवाऱ्याने रंग मारतात. ज्याला दमा आहे, त्याला हे सोसत नाही. खोकला येतो, धाप लागते, छाती वाजते. याची एक खूण आहे. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर आलं की पुन्हा धाप लागते, असं होत असेल तर त्या दुखण्याचा कामाशी संबंध असण्याचा संभव आहे. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि आपण काय काम करतो तेही सांगा. नुसतं "खोकला आहे" म्हटलंत, तर खोकल्याचं औषध मिळेल आणि तुम्ही पुन्हा त्याच धुळीत जाऊन बसाल.

आता मालकाकडे जायचं. "शेठ, मला बरं नाही," एवढंच म्हटलं तर शेठ काय म्हणणार? "बरं नाही तर घरी बस." त्यापेक्षा असं सांगावं :

"शेठ, घासकामात धूळ उडते, तिनं मला धाप लागते. डॉक्टरांनी तपासून ही चिठ्ठी दिलीय. मी काम सोडत नाही. मला शाडूची माती मळायला द्या, साच्यात दाबायला द्या. ओल्या मातीला धूळ नाही."

काय जमत नाही ते सांगितलं, आणि काय जमेल तेही सांगितलं. आता शेठला विचार करायला जागा राहिली. दुखणं कळलं की लगेच सांगावं. गणपती पंधरा दिवसांवर आले, गिऱ्हाइकांच्या गाड्या दारात लागल्या, तेव्हा सांगाल तर शेठ चिडणारच. त्या वेळी त्याचीही अडचण असते.

सगळीच दुखणी मालकाच्या कानावर घालायची गरज नाही. ज्याचा कामाशी संबंध नाही, ते आपलं आपल्यापाशी. बायांच्या पुष्कळ तक्रारी डॉक्टरीणबाईंना सांगाव्यात, मुकादमाला नव्हे. पण फिट येते, चक्कर येते, साखर एकदम उतरते, नजर अधू झाली आहे, आणि काम उंचावर, यंत्रावर किंवा रसायनाच्या टाकीपाशी आहे, तर सांगितलंच पाहिजे. तिथे खाली उभा असलेला सोबती आपल्या भरवशावर असतो. नियमित औषध घेतलं तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात राहतात. अशा माणसाला जमिनीवरचं काम करता येतं. शेजारच्या एकदोघांनाही सांगून ठेवावं : फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही.

ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यांनी ती कपात कशाची हे समजून घ्यावं. हा राज्य कामगार विमा. त्याचा कायदा 1948 साली झाला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली आणि विम्याच्या डॉक्टरांचा दाखला असला, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा 70 इतका भत्ता मिळतो. ठेकेदाराचा माणूसही यात येतो. मात्र दहापेक्षा कमी माणसांच्या लहान कारखान्याला हा विमा सहसा नसतो. तिथे आपलं सांगणं आणि मालकाची समजूत यांवरच भागवावं लागतं.

वीटभट्टीवर उचल घेतलेल्यांचं सर्वांत अवघड. "आधी उचल फेड, मग आजारी पड," असं बोलणारे मुकादम आहेत. त्यांना ठाऊक नसेल तर तुम्हाला ठाऊक असू द्या : वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे. उचलीसाठी आजारी माणसाला जबरीने राबवता येत नाही. तसं झालं तर तहसील कचेरीत किंवा अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. एकट्याने न जाता चारजण मिळून जावं.

तोंडी सांगितलेलं मालक विसरतो, कधी मुद्दाम विसरतो. आता तुम्हाला लिहिता येतं. फळ्यावरचा हा अर्ज वाचा :

"मालक यांस नमस्कार. मी आपल्या कारखान्यात मूर्ती घासण्याचे काम करतो. मला दमा आहे. धुळीपासून लांब राहावे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. चिठ्ठीची नक्कल सोबत जोडली आहे. मला ओल्या मातीचे काम द्यावे, ही विनंती."

खाली तारीख आणि सही. अंगठा नको. दोन प्रती करा. एक मालकाला द्या, दुसरीवर "मिळाला" अशी त्याची किंवा कारकुनाची सही घ्या. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी घरीच ठेवा.

पुढच्या वर्गाला हा अर्ज वहीत लिहून आणा. काम आणि दुखणं ज्याचं त्याने आपलं घालावं.