आजारी मूल : दवाखाना केव्हा गाठावा?



दसरा उलटला, की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको पहाटेच फडात उतरतात. तान्हे मूल कोपीत, थोरल्या बहिणीच्या मांडीवर राहते. गावी मागे राहिलेली मुले आजीजवळ अथवा हंगामी वसतिगृहात असतात. मुलाचे दुखणे प्रथम दिसते ते पुष्कळदा आईला नव्हे, तर त्या बहिणीला, आजीला किंवा शिक्षकाला. धोक्याची लक्षणे कोणाला ठाऊक असावीत, हा प्रश्न बीड जिल्ह्यात म्हणूनच निराळा ठरतो.

सर्दी-खोकला लहान मुलांना वरचेवर होतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. त्यातून न्यूमोनिया वेगळा ओळखावयाचा कसा? मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पोटावरचा कपडा बाजूस सारून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पोट उडत असेल, तर तासाचाही विलंब नको. हे काम केवळ डॉक्टरांचे, असा समज गडचिरोलीत खोटा ठरला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातील कार्यकर्त्यांना व दाईंना श्वासावरून न्यूमोनिया ओळखण्यास आणि औषध देण्यास शिकविले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे उपकरण करण्यात आले. निरक्षरता ही सबब तेथे उरली नाही.

हगवणीत मूल दगावते ते अंगातील पाणी गेल्याने. डोळे खोल जातात, तान्ह्याची टाळू बसते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश पूर्ववत होते. क्षार-संजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटाघोटाने पाजत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये. मात्र मूल मलूल झाले, पाणीही पिईना, वा शौचातून रक्त पडू लागले, तर पाजत पाजतच दवाखान्याकडे निघावे.

आजार कोणताही असो, मूल पीत नाही, घेतलेले सारे ओकून टाकते, झटके येतात, हाक मारूनही नीट जागे होत नाही, यांपैकी एक खूण दिसली तरी पुरे. दुसरीची वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला, किंवा उलट अंग गार पडले, तरी ती निकडच होय. झटका आलेल्या मुलास कुशीवर निजवावे. तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नये. पोटावर डाग देण्याचा अघोरी प्रकार तर बंदच झाला पाहिजे. अंगारा लावणाऱ्या आजीशी वाद घालण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. अंगारा लावावा आणि गाडीत बसावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ठाऊक असते. परक्या मुलखातील फडावर यांतले काहीच माहीत नसते. ग्रामपंचायतीने तोड सुरू होण्यापूर्वी आशा कार्यकर्तीच्या मदतीने प्रत्येक टोळीतील मुलांची यादी करावी, लसीकरणाचे कार्ड आणि क्षार-संजीवनीच्या पुड्या सोबत द्याव्यात आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव मुकादमाच्या वहीत लिहून घ्यावे. शिक्षकांनी श्वास मोजण्याचा पाठ वर्गातच द्यावा, आणि तो दिवाळीच्या सुटीआधी द्यावा. कारण ज्या मुलीला तो सर्वांत उपयोगी पडणार, ती सुटीनंतर वर्गात असेलच असे नाही.