गाडी आधी काट्यावर घाला

श्रोतेहो, मालवाहू व्हॅनचं फिरतं घर करण्याची हौस आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण त्याच्याही आधीपासून ट्रॅव्हलरसारखी व्हॅन घेऊन, तिच्यात पलंग-ओटा बसवून, स्पितीचा दगडधोंड्यांचा रस्ता धरणारी मंडळी आहेतच. पलंग आडवा की उभा, पडदे कसले, सोलर किती वॉटचं, हे सगळं तुम्हीच मला शिकवाल. मला आज एकच विचारायचं आहे : गाडी भुईकाट्यावर घातली होती का? या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. टिकाऊ गाडी म्हणजे भरपूर लोखंडाची गाडी, असा आपला पक्का समज आहे. पुढे जाडजूड बंपर, वर कॅरिअर, आत वेल्ड केलेले अँगल. मी म्हणतो, खराब रस्त्यावर टिकायचं असेल तर आधी गाडीचं ओझं उतरवा.

थोडा हिशोब करू. अठरा मिलिमीटर प्लायवुडचं आठ बाय चारचं एक शीट साधारण ३३ किलो भरतं. घरच्या कपाटांच्या सवयीने सुतार अशी दहा शीटं सहज लावतो; झाले ३३० किलो. तेच काम बारा मिलिमीटरमध्ये २२० किलोंत होतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तिथे सूट नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, आणि टिकवायची तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते. शंभर ॲम्पिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी तेवढी वीज आरामात देते, आणि भरते जेमतेम बारा-तेरा किलो. महाग आहे, मान्य. पण आपण काटकसर करतो ती बॅटरीत, आणि छतावरच्या लोखंडी कॅरिअरच्या वेळी मात्र हात सैल सोडतो. यावर हमखास येणारं उत्तर असं, की अहो, ही माल वाहणारीच गाडी ना? टनभर कांदा नेते, मग आमचा चार भांड्यांचा संसार तिला जड का व्हावा? प्रश्न बिनतोड वाटतो, पण कांद्याच्या गोण्या गाडीच्या तळाशी असतात, आणि मार्केट यार्डात त्या उतरतात. परत येताना गाडी बहुधा मोकळी असते, पाट्यांना विसावा मिळतो. तुमचा संसार कधी उतरतच नाही. गाडी अंगणात उभी असली तरी तिचे पाटे रात्रंदिवस दबलेले. शिवाय गोण्यांसारखा तो तळाशी बसत नाही. कपाटं वर, कॅरिअर त्याच्याही वर, म्हणून वळणावर गाडी झोकांड्या खाते.

आता किती याच्याइतकंच कुठे हे महत्त्वाचं. यासाठी बैलगाडीकडे बघा. भार पुढे गेला की गाडी धुरजड होते आणि ओझं बैलांच्या मानेवर येतं. मागे गेला की उलाळ होते. जू वर उचलतं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला काचतात. म्हणून गाडीवान गोणी टाकली की जू हाताने उचलून बघतो, मग पुढची गोणी टाकतो. त्याचा भुईकाटा म्हणजे त्याचा हात. आपल्या व्हॅना बहुतेक उलाळ असतात. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, दारावर जादा चाक, सगळं मागच्या टोकाला, कारण जागा तिथे उरते! पुढच्या-मागच्या चाकांत साडेतीन मीटर अंतर आहे, आणि शंभर किलोची टाकी मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे बसवली, असं धरा. मागच्या ॲक्सलवर शंभर नव्हे, सुमारे १२९ किलो वाढतात, आणि पुढचा ॲक्सल २९ किलोंनी हलका होतो. म्हणजे जू उचललं गेलं. फरक एवढाच, की बैल मान हलवून सांगतो आणि स्टिअरिंग सांगत नाही, ते नुसतं हलकं लागतं. चालकाला वाटतं, वा, काय मऊ चालते! उतारावर ओल्या मातीत ब्रेक दाबल्यावर कळतं. तीच टाकी दोन ॲक्सलांच्या मध्ये, तळाशी घ्या. पुन्हा सांगतो, मध्ये आणि तळाशी.

गॅरेजवाले म्हणतात, त्यात काय, एक पाटा वाढवू. वाढवा. गाडीचं बूड वर येईल, डोळ्यांना बरं दिसेल. पण ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, आणि टायरच्या कडेवर छापलेला भाराचा आकडाही तोच. तिथे ११२ असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो. तुम्ही पाटा घातलात म्हणून ते अकराशे चाळीस होत नाहीत. उलट ताठ पाट्यांमुळे प्रत्येक खड्डा थेट कपाटांच्या सांध्यांत शिरतो. जर्मनीत ऑगस्ट वोलर या रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं, की एका धक्क्याने न मोडणारा ॲक्सल तसलेच लाखो धक्के बसले की मोडतो. वेल्डिंगच्या सांध्यांचा आजचा हिशोब सांगतो, की धक्क्यांचा ताण सव्वापट झाला तर आयुष्य निम्म्यावर येतं. स्पितीतल्या काझाच्या वाटेवरचे धक्के मोजायला बसलात तर... असो. दुसरं म्हणणं, चारही चाकांना ताकद हवीच. असेल तर उत्तम. फोक्सवागनने १९८५च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या ग्राट्सला आपली सिंक्रो व्हॅन तशी बांधून घेतली. मात्र तिच्या सोळा इंची चाकांच्या आवृत्तीत सांगाडाही मजबूत केला होता, तो कारखान्यात, मापून. आपण मापतो का, एवढाच माझा मुद्दा.

सांध्यांचं एक सांगायलाच हवं. पत्र्याच्या रिबला अँगल वेल्ड करता, वरून रंग मारता. पण उष्णतेने रिबच्या आतल्या पोकळीतला रंगही जळालेला असतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. पावसाळ्यात दमट हवा तिथे शिरते, आणि पुढे कधीतरी बाहेरच्या रंगावर रुपयाएवढा फुगा येतो. त्यापेक्षा भोक पाडा, कडेला प्रायमर लावा, रिवेट नट बसवा. फर्निचर दोन्ही बाजूंना गच्च आवळू नका, कारण खड्ड्यात गाडी पिळली जाते आणि... वेळ संपत आलाय, श्रोतेहो. कायद्याचं एका वाक्यात : मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कॅराव्हॅनसाठीचं एआयएस-१२४ हे मानक बघितल्याशिवाय पत्र्याला ड्रिल लावू नका.

काट्यावर जाल तेव्हा आधी फक्त पुढची चाकं वर चढवा, पावती घ्या. मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागचा ॲक्सल कळतो. हे एकदा रिकाम्या व्हॅनचं करा, मग दर आठवड्याच्या कामानंतर, आणि शेवटी पाणी-डिझेल भरून, माणसं बसवून. आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा असतो, त्याच्याशी ताडून बघा. गॅसबद्दल बोलायचं राहिलंच. घरगुती सिलिंडर गाडीत नेऊच नये, त्याची कारणं पुन्हा कधीतरी. तूर्त एवढंच, की त्यात १४.२ किलो गॅस असतो, आणि त्याच्याभोवती त्याहून थोडं जास्तच लोखंड.