जाणत्या बाईची रात्र



मागच्या बैठकीनंतर एका ताईंनी प्रश्न विचारला होता, तो आज घेते. त्यांची जाऊ बाळंतपणानंतर कितीतरी महिने उदास आहे. मोबाइलवर कुणी एक जण सांगतो, ही मेक्सिकोच्या डोंगरातली अळंबी आहे, एकदा घ्या, मनावरचं ओझं उतरेल. पैसे आधी पाठवायचे, पुडी घरपोच. ताईंचं म्हणणं एवढंच, की हे खरं का खोटं ते सांगा.

यात थोडं खरं आहे. म्हणूनच नीट सांगायला हवं, कारण थोडं खरं असलेली गोष्टच जास्त फसवते.

मेक्सिको देशाच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरात मासातेक नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या वाउत्ला गावची एक बाई होती, मारिया साबिना. लिहिणं-वाचणं येत नव्हतं, मासातेक सोडून दुसरी भाषा येत नव्हती. लहानपणी उपाशीपोटी शेळ्या राखल्या. दोनदा लग्न झालं, दोन्ही नवरे वारले. दुसरा तर मारायचा. म्हणजे दुःख काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्यासारख्या माणसांना त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'जाणता'. आपण म्हणू, जाणती बाई.

पावसाळ्यात तिथे एक बारकी अळंबी उगवते. ती खाल्ली की चार-सहा तास माणसाला वेगळंच दिसतं, वेगळंच जाणवतं. मासातेक लोक तिला पवित्र लेकरं म्हणतात. ही लेकरं गंमत म्हणून कुणी खात नसे. घरात कुणी आजारी असेल, जीव कशात लागत नसेल, तेव्हा घरचे जाणत्या बाईकडे जायचे. आधी काही दिवस पथ्य पाळायचं. मग रात्री देवापुढे धूप जाळायचा, मेणबत्ती विझवायची आणि अंधारात बसायचं. आजाऱ्याजवळ त्याची माणसं असायची. आणि ध्यानात घ्या, अळंबी ती बाईसुद्धा खायची. मग ती रात्रभर गायची, बोलायची, टाळ्या वाजवायची. आजाऱ्याला काय झालंय ते शब्दांत आणायची. आजाऱ्याला सोडून जायची नाही.

जात्यावर बसलेली बाई माहेरची आठवण, सासरचा जाच ओवीत घालायची, तेव्हा पीठ पडायचं आणि मनही थोडं रितं व्हायचं. तिथे अळंबी नव्हती, हा मोठा फरक आहे. पण दुःखाला शब्द मिळणं आणि ते ऐकायला जवळ कुणी असणं, हे दोन्हीकडे होतं. माझं मत विचाराल तर त्या रात्रीतलं निम्मं औषध हेच असावं.

१९५५ साली गॉर्डन वॉसन नावाचे अमेरिकेतले गृहस्थ तिथे पोचले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, अळंबीचा नाद होता. मुलाची काळजी वाटते, असं कारण सांगून त्यांनी मारियाकडून ती रात्र करून घेतली. १९५७ साली 'लाइफ' या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात त्यांनी सगळं छापलं. बाईचं नाव बदललं होतं, पण लपून काय राहतं? परदेशी तरुणांच्या झुंडी गावात येऊ लागल्या. आजारी कुणीच नाही, सगळ्यांना फक्त अळंबी पाहिजे. गाव मारियावर रागावलं. तिचं घर जाळलं गेलं, दारात पोलीस आले. म्हातारपणी ती सांगायची की हे लोक आले आणि लेकरांची ताकद गेली. १९८५ साली ती गरिबीतच वारली. तिच्या अळंबीवर दुनियेत नावं आणि पैसा झाला, तिच्या पदरात काही पडलं नाही.

आता डॉक्टर लोक काय म्हणतात? अळंबीतलं द्रव्य स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली वेगळं काढलं. त्याला सायलोसायबिन म्हणतात. २०१६ साली अमेरिकेत कॅन्सरच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. मरणाच्या भीतीनं खचलेल्या पुष्कळांना सहा महिन्यांनीसुद्धा हलकं वाटत होतं. पण दिलं कसं? आधी कितीतरी भेटी, बोलणं, ओळख. मग शांत खोलीत, संगीत लावून, दोन शिकलेली माणसं दिवसभर शेजारी. नंतर परत भेटी. म्हणजे एवढी मोठी हॉस्पिटलंसुद्धा फिरून जाणत्या बाईच्या रिवाजाशीच आली!

गुणाचं मापही ऐका. २०२२ साली छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत, इतर औषधांनी बरं न वाटलेले २३३ रुग्ण होते. ज्यांना पूर्ण मात्रा दिली, त्यांच्यातल्या शंभरातल्या ३७ जणांना तीन आठवड्यांनी चांगला फरक पडला. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला शंभरातल्या २० जणांत. काहींना डोकेदुखी, मळमळ झाली; काहींच्या मनात जीव द्यायचे विचारही आले. घरात कुणाला भ्रम होण्याचा, वेड लागण्याचा आजार असेल, तर अशा माणसाला चाचणीत घेतच नाहीत. २०२३ पासून ऑस्ट्रेलियात परवानगी मिळालेले मानसोपचार डॉक्टर काही रुग्णांना हे देऊ शकतात. आपल्या देशात १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं ते बंद आहे. जवळ ठेवणंही गुन्हा.

तर त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक. आणि खरी अळंबी असली तरी रात्रभर शेजारी कोण बसणार? पुडीवाला? जाऊबाईंच्या अंगावर बाळ पितंय, हेही आहेच. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात घेऊन जा. १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. आणि घरातल्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसा, "सगळ्यांनाच होतं, मनावर घेऊ नकोस" असं न म्हणता.

आणखी एक. काही जणी म्हणतील, अळंबी नाही तर आपला धोतरा आहे, महादेवाचा. बायांनो, धोतरा त्या जातीचा नाहीच. त्यानं मन हलकं होत नाही, माणूस बरळतो, माणसं ओळखत नाही, झालेलं त्याला आठवतही नाही. तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जीवही जातो. बिया कुणी खाल्ल्या असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढायच्या नादी लागू नका. १०८ला फोन करा आणि शिल्लक बिया किंवा बोंड डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. पावसाळ्यात रानातली अळंबी आणताना तुमच्या आजी-सासूला ओळखता येते तेवढीच आणा, नवी दिसली तर तिथेच राहू द्या.