पिन बसली, पण काम होईना

जुना कॉम्प्युटर ज्यांच्या घरी किंवा दुकानात आहे, त्यांच्याकडे माळ्यावर केबलींची एक पिशवी असतेच. फेकवत नाही, आणि वेळेला हवी ती सापडत नाही. मग माणूस पुण्यात पासोड्या विठोबाला नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातो आणि म्हणतो, "एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, असं काहीतरी द्या." दुकानदार देतो. घरी आल्यावर पिन चपखल बसते, पण पडदा काळाच राहतो.

केबल बिघडलेली नसते. पिनेचा आकार वेगळी गोष्ट आणि तिच्यातून काय वाहतं ही वेगळी गोष्ट. काही अडॅप्टर नुसता आकार बदलतात, काही आतला संदेशच बदलून देतात. खरेदी करताना एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो.

मॉनिटरचंच बघा. निळ्या, पंधरा पिनांच्या जोडणीला आपण व्हीजीए म्हणतो. आयबीएमनं ती १९८७ साली आणली. तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा रंग कमीजास्त व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआयमधून जातात आकडे. म्हणून या दोघांच्या मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसत्या तारा जोडून चित्र येत नाही. शिवाय कन्व्हर्टरला दिशा असते. लॅपटॉप नवा आणि मॉनिटर जुना असेल तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' मागायचा. कॉम्प्युटर जुना आणि टीव्ही नवा असेल तर 'व्हीजीए टू एचडीएमआय'. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे या दुसऱ्या प्रकारात आवाजाची वेगळी पिन आहे का, तेही पाहा. मी स्वतः एकदा उलट्या दिशेचा घेऊन आलो आणि अख्खी संध्याकाळ मॉनिटरला नावं ठेवत बसलो.

व्हीजीए आणि एचडीएमआय यांच्या मधल्या काळातली पांढरी, रुंद जोडणी म्हणजे डीव्हीआय. तिच्या चपट्या खाचेभोवती चार बारीक छिद्रं असतील, तर त्या सॉकेटातून जुन्या पद्धतीचा संदेशही निघतो आणि व्हीजीएसाठी साधा, स्वस्त अडॅप्टर चालतो. छिद्रं नसतील तर तो अडॅप्टर बसणारच नाही. जोर लावू नका, पिना वाकतात.

आता प्रिंटर. खरा घोळ इथेच आहे. कितीतरी पतसंस्थांमध्ये आणि किराणा दुकानांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून कर्र कर्र करत चालू आहेत, कारण कार्बन लावून एका दमात तीन प्रती दुसरा कुठला प्रिंटर काढत नाही. त्याची जुनी केबल कॉम्प्युटरकडे २५ पिनांची आणि प्रिंटरकडे ३६ पिनांची. नव्या कॉम्प्युटरला ते तोंडच नसतं, म्हणून आपण यूएसबीची प्रिंटर केबल आणतो. विंडोजमधून पान छापलं जातं. पण डॉसमधला जुना बिलांचा प्रोग्रॅम ढिम्म! त्याला फक्त 'एलपीटी १' नावाचं दार ठाऊक, आणि ही केबल ते दार उघडत नाही. यावर उपाय आहे: विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करायचा आणि 'नेट यूज' या आज्ञेनं एलपीटी १ त्याच्याकडे वळवायचा. मात्र चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम थेट चालतच नाही. तिथे कितीही भारी केबल आणा, पैसे वायाच.

दूध संकलन केंद्रावरचा जुना वजनकाटा बहुधा नऊ पिनांच्या सीरियल जोडणीचा असतो. त्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो. त्यात चिप असते आणि तिचा ड्रायव्हर आपल्या विंडोजला चालतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. त्यातही सरळ केबल आणि क्रॉस केबल असा भेद आहे. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला मिळाली पाहिजे. दोघेही एकाच तारेवर बोलू लागले तर आकडा येत नाही. क्रॉस केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल केलेली असते. दिसायला दोन्ही अगदी सारख्या, म्हणून घरी आणल्या आणल्या चिठ्ठी चिकटवा.

कीबोर्ड आणि माउसच्या गोल पिना, जांभळी आणि हिरवी, कॉम्प्युटर बंद करूनच लावा वा काढा. आणि जुन्या डेस्कटॉपमधली साडेतीन इंची हार्ड डिस्क यूएसबीनं जोडून फोटो काढून घ्यायचे असतील, तर वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच संच घ्या. त्या डिस्कला बारा व्होल्ट लागतात, आणि जुनं यूएसबीचं तोंड पाचच देतं.

दुकानात जाल तेव्हा केबलच्या दोन्ही टोकांचा आणि दोन्ही यंत्रांच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून न्या. आणि पहिल्यांदा सांगा की संदेश कुठून कुठे जायचा आहे.