कथा कोणाची, सांगणार कोण?



जनजागृतीच्या कार्यक्रमात हल्ली त्या दुखण्यातून गेलेला एक तरी माणूस बोलायला आणतात. आकडे विसरले जातात, माणूस लक्षात राहतो. तेव्हा हे योग्यच आहे. पण त्याची कथा चारचौघांत आली कशी, हे आपण क्वचितच विचारतो.

गोव्यातले उदाहरण घेऊ. डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत. १९८९ साली त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापशात ६४ दिवस एकटे ठेवले. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती वैधही ठरवली. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, पण ते इतरांनी केले. अशा बातमीतून लोक शिकतात ते भ्यायला. चाचणी केली की कोंडतात, हे कळल्यावर चाचणीला जाईल कोण?

सुटल्यावर डॉमिनिक स्वतः बोलू लागले. घटना त्याच होत्या, सांगणारा बदलला. १९९२ मध्ये त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. त्याच वर्षी ते गेले. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधिताला वेगळे कोंडणे हा भेदभाव ठरवला आणि त्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली. डॉमिनिक यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या होत्या.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना ही संमती अधिकच मोलाची आहे. शहर मोठे असले तरी आपला गोतावळा लहान. ‘नाव बदलले आहे’ असे छापले तरी गल्ली, नोकरी आणि मुलीचे सासर एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. व्याख्यान तासाभरात संपते. त्याला मात्र याच गोतावळ्यात लेकरांची लग्ने जुळवायची असतात.

म्हणून अशा कोणाला बोलावताना दोन पथ्ये पाळावीत. काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे त्यानेच ठरवावे. आदल्या रात्री त्याचे मन बदलले, तर कारण न विचारता आपण कार्यक्रम बदलावा. आणि कथा संपल्यावर श्रोत्यांना पुढची वाट दाखवावी. सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळतात. सभागृहात मागच्या रांगेत गप्प बसलेल्या एखाद्याला टाळ्यांपेक्षा या एका वाक्याची गरज असू शकते.