दर्दी



शताब्दीनिमित्त 'भजनातले जाणकार' या विषयावर दोन शब्द बोला, असं मंडळींनी सांगितलं. आम्ही कीर्तनकार नव्हे, मागच्या ओळीतले टाळकरी. व्याख्या आमच्याकडे नाही. मात्र एक खरा जाणकार आम्ही जवळून पाहिला: आपल्या दिंडीचे मृदंगाचे बुवा. नाव घेतलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून घेत नाही.

बुवांना अक्षरओळख सहीपुरती. पण कान असा, की टाळ विकत घ्यायचा झाला तर पंढरपूरच्या दुकानात लोक त्यांनाच पुढं करायचे. दुकानदार टाळ खणखणवून दाखवायचा. बुवा मात्र काठाला काठ अलगद टेकवून कानाशी धरायचे आणि आस पुरी विरेपर्यंत डोळे मिटून थांबायचे. म्हणायचे, "वाजतो सगळ्यांचाच. विरतो कसा ते ऐकू द्या." पावसाळी हवेत पखवाजाची पुडी उतरली की गट्ठ्यांवर हातोडीचे दोन-चार ठोके, धुम्याला ताजी कणीक, आणि पुन्हा चाल सुरू. कणीक किती घट्ट मळायची हे बुवा ढगाला विचारतात, अशी आम्ही पोरं चेष्टा करायचो.

एकदा बरडच्या वाटेवर वाजवता वाजवता मान वळवून म्हणाले, "मागं तिसऱ्या ओळीत कुणाचा तरी पाय दुखतोय, बघा जरा." गेलो तर एका गड्याच्या टाचेचा फोड फुटलेला. तो लंगडत होता, म्हणून त्याचा टाळ किंचित मागं पडत होता. टाळ मागं पडतोय हे आम्हीही ऐकलं होतं. आम्ही कपाळाला आठी घातली होती, एवढंच.

गाण्यातल्या जाणत्याला आपल्याकडे दर्दी म्हणतात. त्या शब्दात दर्द आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कसं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण शंभर वर्षांच्या पुस्तकात नुसतं कौतुकच छापायचं म्हटलं तर बुवा हसतील.

तेव्हा आमचा सात-आठ तरुणांचा कंपू होता. भीमसेनजींच्या 'संतवाणी'च्या कॅसेटी घासून घासून ऐकलेल्या. दोघे तर आळंदीला, जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत राहून आलेले. तिथली शिकवण उत्तम, मिजास आमची घरची. कोण सुरात, कोण बेताल, याचा निवाडा आम्ही चालता चालता करायचो.

त्या वर्षी एक नवा पोरगा आला होता. गरिबाघरचा, पहिलीच वारी. पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा, त्यात एकादशीचा उपास आणि दिवेघाटाची चढण. घाटात त्याचा ताल वारंवार चुकायला लागला. आमच्यातल्या एकानं त्याच्या हातातला टाळ काढून घेतला, चारचौघांत. बाकीच्यांनी अडवलं नाही. पोरगा काही बोलला नाही. पाण्याची कळशी उचलली आणि मागं गेला.

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाज आरती. तुम्ही ती जागा अनुभवली आहे. लाखाचा समुदाय, शेकडो दिंड्यांचे टाळ, आणि चोपदारानं दंड उंचावला की सगळं एकदम गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार त्या आवाजाच्या रोखानं जातात, गाऱ्हाणं ऐकतात. आमची दिंडी त्या दिवशी शांत उभी होती. बुवा आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्याच्या हातात टाळ असता तर आता वाजला असता." पुढं काही नाही. रात्री जेवलेही नाहीत आमच्या पंगतीत.

पुढच्या वर्षी पोरगा आला नाही. त्यानंतरही नाही.

बुवा होते तोवर दिंडीत कुणी नवखा आला, की त्यांचा हात साधा व्हायचा. तुकडे नाहीत, परण नाही, समेवर तेवढी भरदार थाप, आंधळ्यालाही वाट सापडावी अशी. बाहेरचे दर्दी त्यांचा हात ऐकायला मुद्दाम यायचे, ते म्हणायचे, "आज बुवा रंगात नाहीत." आम्हीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो.

हे आज काढायचं कारण आहे. यंदा शहरातली नोकरदार पोरंपोरी बरीच येणार. त्यांची आधी परीक्षा घ्यावी, उतरेल त्यालाच टाळ द्यावा, अशी सूचना पुढं आली आहे. सूचना करणाऱ्यांची तळमळ आम्ही जाणतो. बेताल भजन आमच्याही कानाला टोचतं. पण आमचा तिला विरोध आहे. नवख्याला दोन जुन्यांच्या मधे उभं करा, मृदंगाला सांगा हात साधा ठेव. फलटणपर्यंत त्याचा पाय तालात पडतो, हे आम्ही स्वतः पाहिलंय.

गेल्या कार्तिकीनंतर आम्ही तिघेजण त्या पोराच्या, म्हणजे आता बाप्याच्या, घरी गेलो. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग आम्ही हात जोडले. तो म्हणाला, "जाऊ द्या माऊली, लई दिवस झाले." येतो म्हणाला नाही. टाळाची एक जोडी आम्ही त्याच्या देव्हाऱ्यापाशी ठेवून आलो. निघताना अंगणापर्यंत पोचलो तेव्हा आत कुणीतरी काठाला काठ टेकवला.

राम कृष्ण हरी.